चारचा तास आणि पाचची गाडी: कोल्हापुरातल्या एका वेळापत्रकाचं प्रकरण

हे प्रकरण प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. यातलं महाविद्यालय कल्पित आहे. पटसंख्या, गाड्यांच्या वेळा आणि हजेरीचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. नियम, रस्ते, नद्या आणि ब्युरेट (प्रयोगशाळेत द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) मात्र खऱ्या आहेत.

शहराच्या दक्षिण अंगाला असलेलं हे अनुदानित महाविद्यालय. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा, आणि त्याच इमारतीत अकरावी-बारावी. पदवीच्या पहिल्या वर्षाला ४२० मुलं: कला १४०, वाणिज्य १२०, विज्ञान १६०. त्यांतली निम्मी शहराबाहेरची, बहुतेक पश्चिमेकडची. करवीर, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा. एसटीनं येतात, एसटीनं जातात.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली आणि ओपन इलेक्टिव्ह आलं. स्टाफरूममधल्या भाषेत ‘ओई’. हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. विज्ञानाच्या मुलानं भाषेचा घ्यावा, कलेच्या मुलीनं बँकेचे व्यवहार शिकावेत. कल्पना चांगली आहे. पण तोवर तिन्ही शाखा एका वाड्यातल्या तीन बिऱ्हाडांसारख्या नांदत होत्या. वाणिज्य सकाळी साडेसातला भरायचं आणि ११:२० ला सुटायचं. कलेचे तास साडेनऊपासून. विज्ञानाचे तास सकाळी, ११:२० पासून प्रात्यक्षिकं. ओईसाठी तिन्ही बिऱ्हाडांना पहिल्यांदाच एक सामाईक वेळ काढावी लागली.

विषय २ क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा. पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तास. तिन्ही शाखांचे विभागप्रमुख आणि उपप्राचार्य बसले आणि पाऊण तासात वेळ ठरली: सोमवार आणि गुरुवार, ४ ते ५. इतिवृत्तात वाक्य आहे, ‘सदर वेळ कोणासही अडचणीची नसल्याने सर्वानुमते निश्चित करण्यात आली.’ ते वाक्य खोटं नव्हतं. बैठकीला बसलेल्या चौघांच्याही दुचाक्या खाली पार्किंगला होत्या.

सत्राच्या मध्यावर हजेरी काढली तेव्हा ओईत ७५ टक्क्यांच्या खाली ९६ मुलं निघाली. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, तासांना हीच मुलं बसत होती.

पहिला उपाय नेहमीचाच. परिपत्रक लागलं: ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू दिलं जाणार नाही, पालकांनी येऊन भेटावं. ९६ पैकी १६ पालक आले. उसाची तोड चालू असताना मजुरीचा दिवस मोडून कोल्हापूर गाठायचं आणि मुलगी चारला का निघून जाते याचं उत्तर द्यायचं. त्यांच्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते मुलीनं आधीच दिलेलं होतं. दुसरा उपाय रविवारच्या जादा तासांचा. तो दोन आठवड्यांत बारगळला, कारण खेड्यांकडच्या कित्येक फेऱ्या शाळेच्या दिवसांपुरत्याच असतात. तिसरा उपाय म्हणजे तासाचं चित्रण करून पाठवायचं. घाटाच्या कडेला रेंज नाही आणि घरात फोन एक, तोही वडिलांच्या खिशात.

दरम्यान मुलांनी आपला उपाय शोधला होता. नऊ ओईंपैकी एका विषयाला ११० मुलं झाली, कारण ते सर हजेरीला ढिले आहेत ही बातमी पसरली. आवडीचा विषय निवडण्याची मुभा द्यायला आणलेल्या योजनेत मुलं विषय निवडत होती तो गाडीकडे बघून. एरवी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, अहवालात ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ म्हणून हाच ११० चा आकडा गेला असता.

हजेरीपट पुन्हा वाचणं

वळण आलं ते परीक्षा विभागातल्या एका लिपिकामुळे. बोनाफाईडच्या (आपला विद्यार्थी असल्याच्या दाखल्याच्या) अर्जांचा गठ्ठा त्यांच्याकडे असतो. एसटीच्या पाससाठी बोनाफाईड लागतं, त्यावर गाव लिहिलेलं असतं. त्यांनी ९६ हजेरी क्रमांक त्या गठ्ठ्याशी लावून पाहिले आणि यादी प्राचार्यांसमोर ठेवली. ७१ मुलं वीस किलोमीटरच्या पलीकडून एसटीनं येणारी. १४ दुपारी कामाला जाणारी. राहिली ११, ती नुसतीच न बसणारी. अशी अकरा सगळीकडे असतात.

त्या ७१ मध्ये ४९ मुली होत्या.

यातली एक मुलगी जवळून पाहू. गगनबावड्याच्या रस्त्याला फाटा, फाट्यापासून आत अडीच किलोमीटरवर वाडी. गाडी रंकाळा स्टँडवरून पाचला सुटते. कॉलेजपासून स्टँड केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, पंचवीस मिनिटं, तीही केएमटी समोर उभी असेल तर. म्हणजे ४:२० ला कॉलेजच्या फाटकाबाहेर पडलं पाहिजे. ओईच्या तासाला बसायचं तर वीस मिनिटं बसून सगळ्या वर्गासमोरून उठून जायचं, नाहीतर बसायचंच नाही. पुढची गाडी साडेसहाला. ती फाट्यावर आठला सोडते. तिथून अंधारात अडीच किलोमीटर, आणि त्या बाजूला संध्याकाळी गव्यांचा कळप रस्त्यावर येतो. भाऊ मोटारसायकल घेऊन आला तर बरं. वर्गशिक्षकांनी विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं: “सर, एक दिवस बसले तर घरातनं दुसऱ्या दिवशी लावूनच देणार नाहीत.”

पैशाचाही मुद्दा आहे. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. पदवीला आल्या की तो संपतो आणि ६६.६७ टक्के सवलतीचा विद्यार्थी पास काढावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण पास असो की निम्मं तिकीट, दोन्ही चालतात ते एसटीतच. गाडी चुकली की वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी जीप. वडापला पूर्ण पैसे, रोख. ‘पुढच्या गाडीनं जा’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा हिशोब नसतो.

कोल्हापुरात हे वेगळं सांगायला लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला हे सगळ्यांना पाठ असतं. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृह त्याच्या आदल्या वर्षीचं, १९०१ चं आहे. पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला राजाराम कॉलेजात नाव घालता येईल, पण रात्री तो राहील कुठं, हा प्रश्न या गावानं सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता.

कुणाला विचारलं आणि काय विचारलं

प्राचार्यांनी एक गट नेमला. तिन्ही शाखांचं वेळापत्रक प्रत्यक्ष लिहिणारे तिघं (विभागप्रमुख नव्हेत), तो लिपिक, कनिष्ठ महाविद्यालयाचे पर्यवेक्षक, तासिका तत्त्वावरच्या एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थी. अध्यक्षपद ग्रंथपालांना दिलं. त्यांचा या वेळापत्रकात एकही तास नव्हता, त्यामुळे त्यांना स्वतःचं काही वाचवायचं नव्हतं. महाविद्यालयात समान संधी केंद्रही होतं. वर्षातून एकदा व्याख्यान ठेवायचं आणि फोटो काढायचा एवढीच त्याची ख्याती असल्यानं त्याची आठवण कुणाला झाली नाही. खरं तर हे काम त्याचंच.

पण प्राचार्यांनी सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्या बैठकीच्या आधी केलं. त्यांनी लेखी कळवलं की ४ ते ५ ही वेळ पुढच्या सत्रापासून उपलब्ध नाही, दुसरी कुठलीही सुचवा. हे केलं नसतं तर गट तीन वेळा बसला असता, प्रत्येक पर्यायात कुणाची तरी अडचण निघाली असती आणि शेवटी ‘तूर्त आहे तेच चालू ठेवावे’ असं ठरलं असतं. जुनी वेळ शिल्लक असेपर्यंत तडजोड करायची गरज कुणालाच वाटत नाही.

गटानं सगळ्या ४२० मुलांकडून अर्ध्या पानाचा फॉर्म भरून घेतला. नाव नको, हजेरी क्रमांक पुरे. प्रश्न सहा: गाव किंवा वाडी कोणती, कुठल्या थांब्यावर उतरता, थांब्यापासून घर किती लांब आणि कसं जाता, सकाळची पहिली गाडी कॉलेजात किती वाजता पोचवते, परतीची शेवटची गाडी कोणती, दुपारी कुठं काम करत असाल तर किती ते किती.

आधी प्रायोगिक म्हणून वीस मुलांकडून फॉर्म भरून घेतला, तेव्हाच एक गोष्ट कळली. ‘परतीची शेवटची गाडी’ या प्रश्नाला एकाच गावातली मुलं आणि मुली एकच उत्तर देत होती, साडेसात. स्टँडवरच्या फलकावर तेच लिहिलेलं. मग प्रश्न बदलला: ‘घरचे ज्या गाडीनं यायला परवानगी देतात अशी शेवटची गाडी कोणती?’ मुलांचं उत्तर साडेसातच राहिलं, मुलींचं पाचवर आलं. वेळापत्रक बसवायचं असतं ते या दुसऱ्या उत्तरावर. ‘तुम्हाला काही अडचण आहे का?’ असा प्रश्न मात्र फॉर्ममध्ये कुठंच नव्हता, आणि तो नसावाच. पहिल्या वर्षाची मुलं त्याला ‘नाही सर’ एवढंच म्हणतात.

सगळ्या फॉर्मवरून एक तक्ता निघाला. पहिली गाडी पोचल्यापासून शेवटच्या गाडीसाठी बाहेर पडेपर्यंत बहुतेक सगळी मुलं आवारात असतात असा काळ ९:३० ते ४:२०. त्यातही वाणिज्य ११:२० ला सुटतं, म्हणजे त्यांना चार तास ताटकळत ठेवायचं नसेल तर जोड एकाच ठिकाणी बसते: ११:२० ते १२:२०.

रसायनशास्त्राची हरकत

या वेळेला तीन ठिकाणांहून विरोध झाला. सगळ्यात जोराचा रसायनशास्त्राचा. ‘प्रयोगशाळा आमच्या सोयीनं चालते, ओईच्या नव्हे,’ हे वाक्य बैठकीत आलं आणि बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ ज्येष्ठतेचा ताठा असा लावला. ग्रंथपालांनी तसं केलं नाही. त्यांनी विचारलं, ११:२० ऐवजी १२:२० ला सुरू केलं तर नेमकं काय बिघडतं? उत्तर मुद्द्याचं होतं.

प्रात्यक्षिकाच्या दोन बॅच: ११:२० ते १:२० आणि २ ते ४. मधली चाळीस मिनिटं कागदावर सुट्टी असते. प्रत्यक्षात त्या वेळात वीस ब्युरेट धुवून, निथळून, द्रावण पुन्हा भरून ठेवलं जातं. ओईसाठी तासभर दिला तर दोन्ही बॅच १२:२० ते २:२० आणि २:२० ते ४:२० अशा लागोपाठ घ्याव्या लागतील. चाळीस मिनिटं जातील. दुसऱ्या बॅचच्या मुलाच्या हातात आत पाण्यानं ओली ब्युरेट येईल. तो ती द्रावणानं विसळून घेईलच असं नाही, पहिल्या वर्षाचा बहुधा घेत नाहीच. मग ब्युरेटमधलं द्रावण पातळ होतं, अनुमापनाला (थेंबाथेंबानं द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाचं प्रमाण काढायला) ते जास्त लागतं, रीडिंग वर सरकतं, आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो. शंक्वाकृती चंबू पाण्यानं ओला असला तर चालतं, ब्युरेट असून चालत नाही.

हरकत नीट कळल्यावर उत्तर सापडायला दहा मिनिटं लागली. ज्या दोन दिवशी ओई असेल त्या दिवशी पहिल्या बॅचला अनुमापन आणि दुसऱ्या बॅचला गुणात्मक विश्लेषण, म्हणजे पदार्थात काय आहे ते ओळखणं. त्याला टेस्ट ट्यूब लागतात, ब्युरेट लागत नाही. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. ब्युरेटचा दुसरा संच घ्यायचाही विचार झाला, पण खरेदीचं कोटेशन, मंजुरी, पुरवठा यांत सत्र संपलं असतं.

दुसरा विरोध खोल्यांचा. नऊ ओईंना नऊ खोल्या हव्यात. ११:२० ला कनिष्ठ महाविद्यालय भरलेलं असतं आणि मोकळ्या खोल्या आठच. पर्यवेक्षकांनी बारावीची एक तुकडी त्या तासाला ग्रंथालयाच्या वाचनकक्षात नेण्याचं कबूल केलं, बदल्यात शनिवारी जीवशास्त्राची प्रयोगशाळा मागून घेतली. ही देवघेव उघडपणे झाली, कागदावर लिहिली गेली. ‘सहकार्य करावे ही विनंती’ असं पत्र पाठवून ती खोली मिळाली नसती. खोल्या वाटताना मुलांच्या संख्येआधी एक गोष्ट पाहिली गेली. कुबड्यांवर चालणारा एक विद्यार्थी आहे, त्याचा ओई दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नाही. तो वर्ग तळमजल्यावर आला. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखायला सांगतो. जागा दिली, पण वर्ग जिन्यावर ठेवला, तर ती जागा कागदावरच राहते.

तिसरा विरोध बोललाच गेला नाही. नऊपैकी दोन ओई तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेत होते. त्यांना पैसे तासाचे मिळतात, बैठकीचे नाही, म्हणून एरवी त्यांना बैठकीला कुणी बोलवत नाही आणि बोलावलं तरी ते येत नाहीत. गटातल्या शिक्षिकेनं सांगितलं की त्यांचे सहकारी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी इचलकरंजीत शिकवतात. ११:२० ला इथं पोचणं अशक्य. वार बदलून मंगळवार आणि शुक्रवार केले. हे सत्र सुरू झाल्यावर कळलं असतं तर एक ओई पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता. गटाच्या बैठकाही त्या शिक्षिकेच्या तासाला लागून, पंचवीस मिनिटांत आटोपतील अशा ठेवल्या.

पहिला आठवडा

पहिल्या मंगळवारी गोंधळ झाला तो घंटेचा. घंटा कनिष्ठ महाविद्यालयाचा शिपाई देतो आणि त्याच्याकडे जुनाच कागद होता. ११:२० ला वाणिज्य सुटलं, ओईची घंटा झालीच नाही, ११:३० ला बारावीची झाली आणि दोनशे मुलं जिन्यात समोरासमोर आली. नवं वेळापत्रक तीन फलकांवर लावलं होतं, व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. घंटेपाशी लावायचं राहिलं होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती तीन आठवडे कुणाच्या लक्षात आली नाही. दोन बॅच लागोपाठ झाल्यावर शिक्षक आलटूनपालटून जेवून यायचे. प्रयोगशाळा परिचर मात्र दोन्ही बॅचना एकच. मंगळवारी आणि शुक्रवारी ते साडेचारनंतर डबा उघडत होते. तक्रार त्यांनी केली नाही. स्टोअररूममध्ये चारला न उघडलेला डबा एका शिक्षिकेला दिसला, तेव्हा विषय निघाला. सर्वांना सामावून घेण्यासाठी नेमलेल्या गटात ज्याच्या हातानं प्रयोगशाळा चालते तो माणूस नव्हता. रसायनशास्त्राच्या हरकतीवर एवढी चर्चा झाली, पण ब्युरेट धुणार कोण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आता दुसऱ्या बॅचची पहिली तीस मिनिटं शिक्षक फळ्यावर प्रयोगाची मांडणी समजावतात आणि परिचर २:२० ते २:५० बाहेर असतात. तोवर टेबलावर काय लागेल ते आधीच काढून ठेवलेलं असतं.

आकडे आणि पाऊस

पुढच्या सत्राच्या मध्यावर ७५ टक्क्यांच्या खालची मुलं ९६ वरून ३४ वर आली. एसटीच्या ७१ पैकी १२ उरली. ती शाहूवाडीच्या बाजूची, त्यांची पहिली गाडीच पावणेबाराला पोचवते. काम करणाऱ्या १४ पैकी ३. न बसणारी ११ होती तशीच, आणि परिपत्रक खरं तर त्यांच्यासाठीच राखून ठेवायला हवं होतं. राहिली आठ, ती नवीन. वाणिज्यची ही मुलं खानावळींत दुपारच्या पाळीला ताट वाढायला जातात, ११:३० ते ३:३०. चारचा तास त्यांना सोयीचा होता, नवा तास त्यांच्या पोटावर आला. एका वेळापत्रकात सगळे मावत नाहीत. पण त्या आठ जणांची वेगळी नोंद ठेवली, ‘अनियमित’ म्हणून एका ढिगात टाकलं नाही. त्यांच्यासाठी एक ओई सकाळी साडेसातच्या तासाला चालवायचा प्रस्ताव आहे. आठ मुलांसाठी स्वतंत्र तासिका मंजूर होणं अवघड. वाणिज्यबाहेरच्या एखाद्या शिक्षकानं सकाळचा तास घेतला आणि शहरातली आणखी वीस-पंचवीस मुलं त्याला जोडली, तरच ते जमेल.

पावसाळ्याचं वेगळंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पण गगनबावड्याच्या मुलांना त्या पातळीची वाट पाहावी लागत नाही. कुंभी फुगली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापुरात ऊन असलं तरी त्यांची गाडी बंद असते. म्हणून हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणेखेरीज ‘मा.बं.’, म्हणजे मार्ग बंद, अशी खूण आली. सकाळी आठला लिपिक आगारात फोन करतात, बंद मार्ग फलकावर लिहितात, त्या मार्गावरच्या मुलांचे त्या दिवसाचे तास टक्केवारी काढताना एकूण तासांतून वगळले जातात. हिशोब असा: ३० तासांपैकी ७५ टक्के म्हणजे २३ तास. चार दिवस मार्ग बंद राहिला आणि चार ओई बुडाले तर एकूण तास २६, लागणारे तास २०. यात फसवणूक होईल अशी भीती होती. एका मुलानं चालू मार्गाला बंद दाखवून पाहिलं, पण आगाराची यादी फलकावर होती.

फॉर्म दर सत्राला नव्यानं भरून घ्यावा लागतो. जूनमध्ये एसटीचं वेळापत्रक बदललं आणि रंकाळ्याची पाचची गाडी ४:३५ ची झाली. विज्ञानाची दुसरी बॅच सुटते ४:२० ला.